जुन्या रेडियन कार्डाच्या ड्रायव्हरचा कोड इतिहासासह मिळवताना

आमच्या माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षात देणगी म्हणून मिळालेली काही डेस्कटॉप यंत्रे आहेत आणि त्या प्रत्येकात रेडियन एचडी ५४५० हे छोटे, पंख्याविना चालणारे ग्राफिक्स कार्ड बसवलेले आहे. हे कार्ड फेब्रुवारी २०१० मध्ये बाजारात आले. त्याच्यासाठी उत्पादकाकडून मिळणारा बंदिस्त ड्रायव्हर थांबून बराच काळ लोटला आहे. तरीही ही यंत्रे आज आकाशदर्शनासाठी स्टेलॅरियम आणि भूमितीसाठी जिओजेब्रा चालवतात, कारण लिनक्सवरचा या कार्डाचा ड्रायव्हर मुक्त आहे, त्याचा सोर्स कोड सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्यातील बदल साठवणाऱ्या भांडारात, ठेवलेला आहे आणि इतक्या जुन्या कार्डासाठीही काही लोक त्यात आपणहून दुरुस्त्या करत आले आहेत. यंत्रांवर डेबियन १२ हे लिनक्स वितरण आहे आणि त्यासोबत मेसा या मुक्त ग्राफिक्स लायब्ररीची, जिच्यात या ड्रायव्हरचा मोठा भाग असतो, २२.३.६ ही आवृत्ती येते. २०२४ च्या सुरुवातीला मेसाची २४.० ही आवृत्ती निघाली, तेव्हा मधल्या काळात आमच्या कार्डाच्या वाट्याला काय आले हे पाहावे आणि जमल्यास तो कोड स्वतः बिल्ड करून, म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्रॅम तयार करून, कक्षात वापरावा, असे मी ठरवले.

आवृत्तीची टारफाइल, म्हणजे सर्व फाइली एकत्र बांधलेली एक फाइल, उतरवून घेणे सोपे होते, आणि केवळ बिल्ड करायचे असते तर तेवढी पुरली असती. मला मात्र कोडसोबत त्याचा इतिहासही हवा होता. टारफाइलमध्ये आज काय आहे एवढेच दिसते. ती ओळ तिथे कोणी, कधी आणि कशासाठी आणली हे तिच्यात नसते. ड्रायव्हरच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे, कारण ड्रायव्हरच्या कोडमधील असंख्य ओळी एखाद्या विशिष्ट चिपच्या विशिष्ट वर्तनासाठी लिहिलेल्या असतात आणि त्यांचे कारण त्या ओळीत सापडत नाही, ते कमिटच्या, म्हणजे कोडमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाच्या, नोंदीत सापडते.

सर्वात आधी एक प्रश्न सोडवावा लागला, तो म्हणजे हा ड्रायव्हर नेमका राहतो कुठे. व्हिडिओ ड्रायव्हर म्हणून आपण ज्याचा उल्लेख करतो, ती लिनक्सवर एक वस्तू नसते आणि एका रिपॉझिटरीतही नसते. कार्डाच्या स्मृतीचे वाटप, पडद्याचे रेझोल्युशन ठरवणे आणि कार्डाकडे जाणाऱ्या आज्ञांवर देखरेख ठेवणे हे काम कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, रेडियन या मॉड्यूलचे आहे, आणि तो कोड लिनक्स कर्नलच्या रिपॉझिटरीत आहे. ओपनजीएल या चित्रणाच्या प्रमाणित पद्धतीतील आज्ञांचे कार्डाला समजणाऱ्या आज्ञांमध्ये रूपांतर करणे आणि शेडर, म्हणजे कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम, कंपाइल करणे हे काम मेसातील आर६०० या ड्रायव्हरचे आहे, आणि मेसाची रिपॉझिटरी फ्रीडेस्कटॉप या संस्थेच्या गिटलॅब या संकेतस्थळावर आहे. या दोहोंच्या मध्ये लिबडीआरएम नावाची पातळ लायब्ररी आहे आणि तिची स्वतंत्र रिपॉझिटरी तिथेच आहे. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स सर्व्हरसाठीचा जुना एटीआय ड्रायव्हर आणखी वेगळ्या रिपॉझिटरीत आहे, पण आता एक्स सर्व्हरमधील सर्वसाधारण मोडसेटिंग ड्रायव्हर ते काम करत असल्यामुळे त्याच्या वाटेला जाण्याची मला गरज भासली नाही.

शेवटचा भाग फर्मवेअरचा, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. तो लिनक्स-फर्मवेअर या रिपॉझिटरीत असतो, डेबियनमध्ये मुक्त नसलेल्या फर्मवेअरच्या वेगळ्या विभागातून येतो आणि त्याचा सोर्स कोड कुठेच उपलब्ध नाही. आमच्या कार्डाच्या चिपचे सांकेतिक नाव सीडार असल्यामुळे त्याच्या बहुतेक फर्मवेअर फाइलींची नावेही सीडारने सुरू होतात, आणि कार्ड सुरू होताना कर्नल त्या फाइली जशाच्या तशा त्याच्यात भरतो. मुक्त ड्रायव्हरबद्दल मनापासून आस्था असलेल्या माणसाने ही मर्यादा स्पष्टपणे नोंदवली पाहिजे, म्हणून येथे नोंदवत आहे.

कोणते भाग आपल्याला लागू आहेत हे यंत्रालाच विचारता येते. एलएसपीसीआय ही आज्ञा क्रमांकांसह चालवली की ग्राफिक्स कार्डाच्या ओळीत दोन क्रमांक दिसतात. आमच्याकडे ते १००२ आणि ६८एफ९ असे आहेत. पहिला उत्पादकाचा आणि दुसरा चिपचा. त्याच आज्ञेला आणखी एक पर्याय दिला तर कर्नलचे कोणते मॉड्यूल हे कार्ड चालवत आहे तेही कळते. आमच्याकडे तिथे रेडियन असे आले. पुढच्या पिढीतील कार्डांसाठी एएमडीजीपीयू हे मॉड्यूल असते, जे २०१५ मध्ये कर्नलच्या ४.२ या आवृत्तीत आले. हे दोन क्रमांक मी कागदावर लिहून ठेवले, कारण पुढे सोर्स कोडमध्ये आपले कार्ड शोधताना तेच उपयोगी पडणार होते.

मेसाचा इतिहास या सर्व रिपॉझिटऱ्यांत सर्वात रोचक आहे. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये ओपनजीएलसारखे काम करणारी मुक्त लायब्ररी लिहायला घेतली आणि तिची पहिली सार्वजनिक आवृत्ती फेब्रुवारी १९९५ मध्ये दिली. आरंभी ती सर्व चित्रण प्रोसेसरवरच करत असे; ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर तिच्यात हळूहळू येत गेले. आजच्या रिपॉझिटरीतील पहिली नोंद ऑगस्ट १९९९ ची आहे. त्या काळी हा कोड सीव्हीएस या पद्धतीने ठेवला जात असे. विद्यार्थिदशेत मी सीव्हीएसमधून कोड उतरवून घेतलेला आहे, त्यामुळे फरक चांगला आठवतो. निनावी नावाने आणि रिकाम्या पासवर्डने सर्व्हरवर प्रवेश घ्यायचा, मग फाइलींची त्या क्षणाची प्रत आपल्याकडे यायची, आणि एखाद्या फाइलचा इतिहास पाहायचा तर दर वेळी सर्व्हरलाच विचारावे लागायचे. जोडणी तुटली की इतिहासही तुटला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट ही कोडचा इतिहास सांभाळणारी प्रणाली लिहायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी मेसा गिटवर आली. तेव्हापासून क्लोन करणाऱ्या, म्हणजे रिपॉझिटरी उतरवून घेणाऱ्या, प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहासाची स्वतःची प्रत राहू लागली. निव्वळ वाचणाऱ्याला आजही गिटलॅबवर खाते काढावे लागत नाही, कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

आमच्या गावातील परिस्थितीत खरी कसोटी उतरवून घेण्यातच लागली. शाळेतील इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते आणि दुपारी वीज गेली की राउटरसह सर्व बंद पडते. गिटची एक अडचण अशा ठिकाणी ठळकपणे जाणवते, ती म्हणजे सुरू असलेला क्लोन मध्येच तुटला तर तो पुढे चालू करता येत नाही. ब्राउझरमधील डाउनलोड जिथे थांबले तिथून पुढे नेता येते, तसे येथे होत नाही. आलेला सर्व डेटा टाकून दिला जातो आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. मेसाच्या इतिहासात लाखाहून अधिक कमिट आहेत, त्यामुळे पूर्ण क्लोन एका दमात होईल याची आमच्याकडे खात्री देता येत नव्हती.

यावरचा उपाय गिटमध्येच आहे. क्लोन करताना खोली एक आणि शाखा म्हणून मेसा २४.० चा टॅग (त्या आवृत्तीवर लावलेले नाव) असे सांगितले, तर फक्त त्या टॅगवरील फाइली आणि एकच कमिट येतो. एवढे थोडक्यात उरकते आणि बिल्डसाठी पुरेसे असते. त्यानंतर इतिहास टप्प्याटप्प्याने मागवता येतो. फेच करताना आणखी हजार कमिट खोल जा असे सांगायचे, ते पूर्ण झाले की ते आपल्याकडे कायमचे राहतात, आणि पुढचा टप्पा तिथून सुरू होतो. मध्येच वीज गेली तर फक्त त्या टप्प्याचेच नुकसान होते. रात्री वाहतूक कमी असताना मी असे टप्पे घेत गेलो आणि शेवटी उथळपणा काढून टाकण्याचा पर्याय देऊन उरलेला सर्व इतिहास मागवला. खोली मर्यादित ठेवून केलेला क्लोन एकाच शाखेपुरता असतो, म्हणून इतर शाखा हव्या असतील तर दूरच्या रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये सर्व शाखा मागवण्याची नोंदही करावी लागते. हे तपशील गिटच्या मदतपुस्तिकेत आहेत, परंतु चांगल्या इंटरनेटवर काम करणाऱ्यांना त्यांची गरज पडत नसल्यामुळे मार्गदर्शनपर लेखनात ते क्वचितच आढळतात, आणि महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावात बसून काम करणाऱ्याला मात्र नेमके तेच लागतात.

फाइलींचा मजकूर न आणता फक्त कमिटच्या नोंदी आणण्याचा आणखी एक मार्ग आहे, ज्याला आंशिक क्लोन म्हणतात. तो मी मेसासाठी जाणीवपूर्वक टाळला, कारण त्यात जुन्या फाइलीचा मजकूर लागला की गिट त्या क्षणी सर्व्हरकडे धाव घेते, आणि मला जोडणीविना बसून इतिहास वाचायचा होता. कर्नलसाठी मात्र तोच मार्ग योग्य ठरला. कर्नलच्या रिपॉझिटरीत दहा लाखांहून अधिक कमिट आहेत आणि पूर्ण क्लोन अनेक जीबींचा होतो. मला कर्नल बिल्ड करायचा नव्हता, कारण डेबियनच्या कर्नलमधील रेडियन मॉड्यूल आमच्या कार्डासाठी पुरेसे होते. मला फक्त त्या मॉड्यूलचा कोड मेसाच्या कोडशेजारी ठेवून वाचायचा होता. म्हणून खोली एक, मजकूर गरजेपुरता आणि स्पार्स चेकआउट (निवडक डिरेक्टऱ्याच घेणे) असे तिन्ही पर्याय एकत्र वापरून मी ड्रायव्हर्स, जीपीयू, डीआरएम, रेडियन या वाटेवरची एवढी एकच डिरेक्टरी उतरवून घेतली. स्पार्स चेकआउटची स्वतंत्र आज्ञा गिटच्या २.२५ या आवृत्तीत, जानेवारी २०२० मध्ये आली, आणि डेबियन १२ मधील गिट त्याहून बरेच नवे आहे.

मेसाचा कोड हाती आल्यावर पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे त्यात आपले कार्ड शोधले. इन्क्लूड डिरेक्टरीत पीसीआय क्रमांकांची स्वतंत्र डिरेक्टरी आहे आणि तिथे आर६०० कुटुंबातील सर्व चिपांची यादी एका फाइलीत आहे. ६८एफ९ या क्रमांकाची ओळ तिथे सापडली आणि तिच्यासमोर सीडार असे लिहिलेले होते. चालू यंत्राने दिलेला क्रमांक सोर्स कोडमध्ये डोळ्यांनी पाहणे याला माझ्या लेखी मोठे महत्त्व आहे, कारण आपण योग्य रिपॉझिटरीत, योग्य ड्रायव्हरपाशी पोहोचलो आहोत याचा तो थेट पुरावा असतो.

बिल्डच्या तयारीबद्दल थोडक्यात सांगतो. मेसासाठी पूर्वी ऑटोटूल्स ही पद्धत होती. २०१९ मध्ये ती काढून टाकण्यात आली आणि मेसन व निंजा ही जोडी उरली. डेबियनमध्ये एका आज्ञेने मेसाच्या बिल्डसाठी लागणारी सर्व पॅकेजे बसवता येतात, पण ती आज्ञा डेबियनच्या स्वतःच्या सर्वसमावेशक बिल्डसाठी असल्यामुळे एलएलव्हीएम या कंपायलर-संचासारखी अवजड पॅकेजेही ओढून आणते, आणि आमच्या इंटरनेटवर ते परवडणारे नव्हते. म्हणून मी मेसनला फक्त आर६०० आणि सॉफ्टवेअरवर चित्रण करणारा साधा ड्रायव्हर एवढेच हवे आहे असे सांगितले, व्हल्कन या दुसऱ्या चित्रण-पद्धतीच्या ड्रायव्हरांची यादी रिकामी ठेवली आणि एलएलव्हीएम बंद केले. त्यापुढच्या रेडियन पिढीच्या ड्रायव्हरला त्या वेळी एलएलव्हीएम आवश्यक होते. आर६०० स्वतःचा शेडर कंपायलर बाळगून आहे. मग मेसन ज्या लायब्ररीपाशी अडेल तिचे डेव्हलपमेंट पॅकेज बसवायचे आणि पुन्हा चालवायचे, अशी पद्धत ठेवली. एक्ससीबी-जीएलएक्स, एक्सएसएचएम-फेन्स, एक्सएक्सएफ८६-व्हीएम अशी नावे एकामागून एक येत जातात आणि डेबियनमधील पॅकेजचे नाव त्याच नावाभोवती गुंफलेले असते. पायथनचे माको, तसेच बायसन आणि फ्लेक्स ही साधने लागतातच, कारण मेसातील कोडचा बराच भाग हाताने लिहिलेला नसतो, तो बिल्डच्या वेळी तयार होतो.

बसवण्याचे ठिकाण म्हणून मी घरच्या डिरेक्टरीतील एक वेगळी जागा दिली. हा मुद्दा मी आग्रहाने सांगेन. प्रणालीतील मेसाच्या फाइलींवर आपल्या फाइली कधीही लिहू नयेत, कारण ड्रायव्हर बिघडला तर पडदाच जातो आणि दुरुस्तीसाठी लागणारे साधनही त्याच्यासोबत जाते. आमच्या यंत्रांत दोन कोअरचा प्रोसेसर आणि चार जीबी रॅम असल्यामुळे निंजाला एका वेळी दोनच कामे करायला सांगितली, म्हणजे लिंक करण्याच्या टप्प्यात स्मृती अपुरी पडत नाही. फक्त एकच खरा ड्रायव्हर निवडल्यामुळे एवढ्या साध्या यंत्रावरही बिल्ड मुकाट्याने पूर्ण झाला.

तपासणीसाठी दोन मार्ग आहेत. मेसनची डेव्हएन्व्ह ही उपआज्ञा बिल्ड डिरेक्टरीतूनच योग्य वातावरण उभे करून त्यात एखादा प्रोग्रॅम चालवते. किंवा लायब्ररी शोधण्याच्या मार्गाचा पर्यावरण चल (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो ती सेटिंग) आपल्या जागेकडे वळवून तोच परिणाम साधता येतो. चालू ड्रायव्हरची माहिती देणारी जीएलएक्सइन्फो ही आज्ञा संक्षिप्त रूपात चालवली, तेव्हा रेंडररच्या ओळीत एएमडी सीडार आणि कर्नलमधील रेडियनचा डीआरएम क्रमांक २.५०.० दिसला, आणि आवृत्तीच्या ओळीत २२.३.६ ऐवजी २४.० आली. मुख्य शाखेवरून बिल्ड केला तर तिथे गिटच्या कमिटचे पहिले काही अंकही छापले जातात, त्यामुळे कोणता कोड चालू आहे याविषयी शंकेला जागाच राहत नाही. लिबजीएलचे डीबग बोलके करण्याचा चल वापरला तर ड्रायव्हरची कोणती फाइल कुठून उघडली गेली तेही पडद्यावर उमटते. त्यानंतर स्टेलॅरियम त्याच वातावरणात सुरू केले. सॉफ्टवेअर ड्रायव्हर सोबत बिल्ड करण्याचे कारण येथे कळते: एखादे चित्र चुकीचे दिसले, तर तेच चित्र सक्तीने सॉफ्टवेअरवर काढून पाहता येते. तिथेही ते चुकत असेल तर शोध प्रोग्रॅमपासून सुरू करावा आणि फक्त कार्डावर चुकत असेल तर आर६०० पासून.

यानंतर मी त्या कामाकडे वळलो ज्यासाठी इतिहास मागवला होता. आर६०० ची डिरेक्टरी मेसातील गॅलियम या आराखड्यावरच्या ड्रायव्हरांमध्ये आहे. त्यातील एव्हरग्रीनडी या हेडर फाइलीत एव्हरग्रीन या आमच्या पिढीच्या चिपांच्या रजिस्टरांची, म्हणजे चिपला सूचना देण्यासाठी अंक लिहायच्या जागांची, नावे दिलेली आहेत, आणि प्रत्येक नावातच त्या रजिस्टरचा पत्ता गोवलेला असतो. उदाहरणार्थ, ज्या रजिस्टरात पहिल्या रंगपटाचा (चित्राचे रंग जिथे लिहिले जातात त्या जागेचा) स्मृतीतील पत्ता लिहायचा असतो, त्याचे नाव ०२८सी६० या अंकांनी सुरू होते आणि पुढे सीबी कलर झीरो बेस असे येते. एव्हरग्रीन स्टेट या फाइलीत हे रजिस्टर नेमके कुठे भरले जाते ते सापडते, आणि तिथे पत्ता आठ बिट उजवीकडे सरकवून लिहिला जातो हेही दिसते, म्हणजे हे रजिस्टर २५६ बाइटच्या एककात मोजते. आता हेच नाव घेऊन कर्नलच्या रेडियन डिरेक्टरीत गेलो. तिथेही एव्हरग्रीनडी याच नावाची हेडर फाइल आहे आणि त्याच रजिस्टरसमोर तोच पत्ता, २८सी६०, लिहिलेला आहे. दोन वेगळ्या रिपॉझिटऱ्यांत एकाच चिपचे वर्णन असे समोरासमोर उभे राहिलेले पाहताना जो आनंद झाला, तो मी लपवणार नाही.

त्याहून महत्त्वाचे पुढे होते. कर्नलमधील एव्हरग्रीन सीएस या फाइलीत वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमकडून आलेल्या आज्ञांचा प्रवाह कार्डाकडे पाठवण्यापूर्वी एकेक रजिस्टर पाहून तपासला जातो. रंगपटाच्या पत्त्याचे रजिस्टर आले, की कर्नल मेसाने लिहिलेल्या अंकावर विश्वास ठेवत नाही. त्या पत्त्यासोबत स्मृतीचा कोणता तुकडा जोडलेला आहे हे पाहतो आणि खरा पत्ता स्वतः भरतो. शेजारच्या एका डिरेक्टरीत साध्या मजकुराच्या स्वरूपात सुरक्षित रजिस्टरांची यादी आहे, आणि बिल्डच्या वेळी एक छोटा प्रोग्रॅम त्या यादीतून तपासणीचा तक्ता तयार करतो. एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्यावरील प्रोग्रॅमने कार्डाच्या मदतीने दुसऱ्याच्या स्मृतीत हात घालू नये, याची ही व्यवस्था आहे. ड्रायव्हरचे दोन भाग वेगळ्या ठिकाणी का ठेवलेले आहेत याचे उत्तर मला येथे मिळाले, कारण ज्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तो भाग आणि जो राखण करतो तो भाग हे दोन्ही कोड समोर असल्याशिवाय त्यांच्यातील करार दिसत नाही.

मग ओळीओळीचा इतिहास दाखवणारी गिट ब्लेम ही आज्ञा मेसातील त्याच फाइलींवर चालवली. जागा सोडण्याच्या पद्धतीत झालेले बदल वगळण्याचा पर्याय द्यावा, नाहीतर नुसती मांडणी सुधारणाऱ्याचे नाव खऱ्या लेखकाला झाकून टाकते. एव्हरग्रीनच्या ओळींमागे जात राहिले की २०१० या वर्षापर्यंत पोहोचता येते, जेव्हा गॅलियमवरचा हा ड्रायव्हर आकाराला येत होता. तो त्या वेळी शक्य झाला याला एक पार्श्वभूमी आहे. एएमडीने २००६ मध्ये रेडियन कार्डे बनवणारी एटीआय ही कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये चिपांची कागदपत्रे खुली करण्याचे धोरण जाहीर केले. रजिस्टरांची नावे आणि पत्ते अधिकृतपणे उपलब्ध असणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी नूव्होचे उदाहरण पाहावे. एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या त्या मुक्त ड्रायव्हरच्या लेखकांना बंदिस्त ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो ते टिपून, एकेक रजिस्टरचा अर्थ शोधून काढावा लागला. आमच्या कक्षातील पंधरा वर्षांची कार्डे आज चालतात, यामागे त्या कागदपत्रांचा वाटा आहे असे मी निःसंकोच म्हणेन.

अलीकडचा इतिहासही तितकाच भरीव निघाला. आर६०० च्या डिरेक्टरीत एसएफएन नावाची उपडिरेक्टरी आहे. त्यात शेडर कंपायलरचा नवा गाभा आहे. गर्ट वोल्नी यांनी तो लिहिला आणि २०२० मध्ये तो मेसात दाखल झाला. लॉग या आज्ञेला ती उपडिरेक्टरी आणि दोन टॅगांमधील अंतर दिले, की डेबियनमधील २२.३.६ आणि मी बिल्ड केलेली २४.० यांच्या दरम्यान तिथे काय घडले त्याच्या सर्व नोंदी एकाखाली एक येतात. मेसाच्या नोंदी वाचण्याची सवय लवकर लागते. पहिल्या ओळीत ड्रायव्हरचे नाव आणि त्यापुढे बदलाचे एका वाक्यात वर्णन असते. एखादी दुरुस्ती आधीच्या कोणत्या कमिटमधील दोषासाठी आहे हे फिक्सेस या शब्दापुढे त्या कमिटच्या हॅशसह (ओळखक्रमांकासह) लिहिलेले असते. स्थिर आवृत्तीत घेण्याजोगा बदल असेल तर तशी वेगळी ओळ असते. कोणी तपासले त्याचे नाव असते. आणि ज्या मर्ज रिक्वेस्टमधून, म्हणजे बदल सामावून घेण्याच्या विनंतीतून, हा बदल आला तिचा पत्ता शेवटी असतो. मी हे सर्व जोडणी बंद ठेवून वाचू शकलो, फक्त मर्ज रिक्वेस्टमधील चर्चा वाचण्यासाठी संकेतस्थळावर जावे लागले, कारण ती गिटमध्ये साठवली जात नाही. माझ्या मते ही या व्यवस्थेतील खरी उणीव आहे. निर्णयामागची वादावादी कमिटच्या नोंदीत थोडक्यात तरी यायला हवी.

इतिहास हाती असण्याचा आणखी एक उपयोग बायसेक्ट या गिटच्या आज्ञेसाठी होतो. एखादी गोष्ट जुन्या आवृत्तीत ठीक होती आणि नव्या आवृत्तीत बदलली, एवढेच ठाऊक असेल, तर गिट दर वेळी उरलेल्या कमिटांच्या मधोमध नेऊन ठेवते, आपण बिल्ड करून निकाल सांगायचा, आणि हजार कमिटांतून जबाबदार कमिट सुमारे दहा फेऱ्यांत सापडतो. एकाच ड्रायव्हरपुरता बिल्ड केलेला असला की प्रत्येक फेरीत बदललेल्या फाइलीच पुन्हा कंपाइल होतात, त्यामुळे जुन्या यंत्रावरही हे शक्य आहे. टारफाइलींच्या साहाय्याने फार तर दोन आवृत्त्यांमध्ये कुठेतरी एवढेच सांगता येईल.

कक्षातील उरलेल्या यंत्रांसाठी पुन्हा इंटरनेट वापरण्याचे कारण नव्हते. गिट बंडल या आज्ञेने संपूर्ण रिपॉझिटरी एका फाइलीत बांधता येते. ती फाइल पेन ड्राइव्हवरून नेऊन प्रत्येक ठिकाणी तिच्यातूनच क्लोन करता येतो, आणि नंतर दूरच्या रिपॉझिटरीचा पत्ता बदलून मूळ गिटलॅबचा दिला की पुढील बदल थेट तिथून घेता येतात. प्रत आणताना एखादा बाइट बिघडला तर ते लपून राहत नाही, कारण प्रत्येक कमिटचा चाळीस अंकांचा हॅश त्याच्या मजकुरावरून आणि त्याच्या आधीच्या कमिटच्या हॅशवरून ठरतो. तपासणीची एफएससीके ही उपआज्ञा चालवली की सर्व साखळी पडताळली जाते. नववीच्या ज्या मुलांना प्रोग्रॅमिंगची आवड आहे त्यांना मी ही रिपॉझिटरी उघडून दिली. त्यांना सर्वात जास्त कुतूहल वाटले ते स्वतःच्या जन्माआधीच्या तारखांच्या कमिटांचे.

मार्च २०२५ मध्ये फ्रीडेस्कटॉपला आपली सर्व सेवा दुसऱ्या यजमानाकडे हलवावी लागली, कारण ज्या सर्व्हरांवर ती विनामूल्य चालत होती ते बंद होणार होते. स्थलांतराच्या काळात गिटलॅब काही दिवस बंद होते. आमच्या कक्षात त्याने काही अडले नाही. मेसाचा संपूर्ण इतिहास प्रत्येक यंत्राच्या डिस्कवर होताच, आणि जगभरात अशा असंख्य प्रती असताना एका सर्व्हरच्या बंद होण्याने कोड नाहीसा होण्याची भीती उरत नाही. सीव्हीएसच्या काळात हेच स्थलांतर मला बरेच चिंतेचे वाटले असते.

आता काम ठरून गेलेले आहे. मेसाच्या मुख्य आवृत्त्या साधारणपणे दर तीन महिन्यांनी येतात आणि २०१७ पासून क्रमांकाच्या पहिल्या भागात वर्ष असल्यामुळे आवृत्ती किती जुनी आहे हे पाहताक्षणी कळते. नवी आवृत्ती आली की मी एका यंत्रावर रात्री फेच करतो आणि आर६०० ची डिरेक्टरी, तिच्या खालचा रेडियनचा विनसिस (कर्नलशी बोलणारा) भाग आणि सर्व ड्रायव्हरांना सामायिक असलेला शेडरचा मध्यवर्ती भाग एवढ्यांपुरताच लॉग वाचतो. त्यात आमच्या चिपला लागू होईल असे काही दिसले तरच बिल्ड करतो, स्टेलॅरियम आणि जिओजेब्रावर तपासतो, आणि मग तो बिल्ड इतर यंत्रांवर त्याच वेगळ्या जागी ठेवतो. प्रणालीची स्वतःची मेसा जशीच्या तशी राहते, आणि शिक्षकांपैकी कोणालाही मूळ ड्रायव्हरवर परत जायचे असेल तर पर्यावरण चलाची एक ओळ काढून टाकली की पुरते.